मैत्रिणीचे उपचार मध्येच थांबू नयेत म्हणून

प्रश्न: माझी शाळेपासूनची मैत्रीण 43 वर्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, शिवणकाम करते. नवरा गॅरेजमध्ये कामाला, मुलगी दहावीत, मुलगा सातवीत. डाव्या स्तनात गाठ निघाली, तुकडा तपासला तर कॅन्सर आला. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह लिहिले आहे. डॉक्टर आधी केमो आणि मग ऑपरेशन म्हणतात. एकूण खर्च आठ-दहा लाखांवर जाईल असे कुणीतरी सांगितले, तेव्हापासून दोघे हबकून गेलेत. आम्ही दहावीच्या बॅचने 1,40,000 रुपये जमवले आहेत. मी डोंबिवलीत असते. हे पैसे तिला कसे द्यावेत? आणखी काय करता येईल? तिच्याशी बोलायला लागले की माझेच रडू आवरत नाही.

उत्तर:

ताई, मुंबईत कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात माझी 24 वर्षे गेली. तुमच्यासारखी मैत्रीण सोबत घेऊन आलेली बाई दिसली की मला आजही हायसे वाटते. नवरा घाबरलेला असतो, सासर-माहेर आपापल्या सल्ल्यात गुंतलेले असते. मैत्रीण शांतपणे कागद हातात घेऊ शकते.

पैशांपासूनच सुरुवात करते, कारण तिथे घाई होते. ते 1,40,000 रुपये तूर्त कुणालाच देऊ नका.

असे का सांगते ते ऐका. नोकरीच्या अगदी सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बाई आली होती. गावाने तिच्यासाठी झोळी फिरवून चांगली रक्कम उभी केली होती. पहिल्या महिन्यात भाड्याच्या गाडीने मुंबई, लॉजवर राहणे, वेगवेगळ्या ठिकाणी त्याच तपासण्या दोनदा, ऑपरेशनसाठी स्वतंत्र खोली. प्रत्येक खर्च मायेपोटीच झालेला. मीही तेव्हा त्यांना थांबवले नाही, उलट लवकर भरा म्हणाले. तिसऱ्या केमोनंतर ती आली नाही. दीड वर्षाने आली तेव्हा आजार हाडात उतरला होता. पैसे संपले हे सांगायची तिला लाज वाटली होती, एवढेच कारण. ती बाई माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला मी हेच सांगते की स्तनाच्या कॅन्सरमध्ये पैसा बहुधा मधल्या टप्प्यावर संपतो, आणि अर्धवट उपचार सर्वांत महाग पडतात.

म्हणून आधी तिच्या उपचारांचे कॅलेंडर समजून घ्या. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे स्त्री-हार्मोनच्या आधाराने वाढणारी गाठ, आणि हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे जिच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे अशी गाठ. नेमके औषध आणि क्रम तिचे डॉक्टर ठरवतील, पण अशा रिपोर्टवर साधारण असे चालते. आधी लाल औषधाच्या, म्हणजे लाल रंगाच्या केमोच्या, चार सायकली म्हणजे चार फेऱ्या, बहुतेकदा तीन-तीन आठवड्यांनी. मग दर आठवड्याला एक अशा बारा सलाईन. त्याच सुमारास हर-टूविरुद्धचे इंजेक्शन, म्हणजे ट्रास्टुझुमॅब, सुरू होते आणि दर तीन आठवड्यांनी एकूण वर्षभर चालते. मध्ये ऑपरेशन. त्यानंतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लाईट किंवा शेक म्हणतात; पूर्वी ते पाच आठवडे चालायचे, हल्ली बऱ्याच बायकांचे तीन आठवड्यांत होते. आणि ईआर पॉझिटिव्ह असल्यामुळे शेवटी रोज एक गोळी, किमान पाच वर्षे, काहींना दहा. म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या सव्वा वर्ष आणि गोळी त्यापुढे कित्येक वर्षे.

आधी केमो का, असा प्रश्न घरातले नक्की काढतील. गाठ आधी काढून टाका, आत ठेवून औषध कसले देताय, असे म्हणून लोक रुग्णाला दुसरीकडे घेऊन जातात आणि त्यात महिना जातो. आधी केमो दिल्याने गाठ आकसते, औषध लागू पडते आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते आणि कधीकधी पूर्ण स्तन काढण्याची वेळही टळते. ही मान्य पद्धत आहे, कुणी टाळाटाळ करत नाही. हे तिच्या नवऱ्याला तुम्ही समजावून सांगा.

आता रेशनकार्ड. हसू नका, पण माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळ याच कागदाने खाल्ला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. 1 जुलै 2024 पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये झाली. केमो, ऑपरेशन, रेडिएशन तिन्ही त्यात बसतात. तरीही बाई काउंटरवरून परत जाते. का? लग्नाला वीस वर्षे झाली तरी नाव सासरच्या कार्डावर चढवलेलेच नसते. किंवा कार्डावर सासरचे नाव आणि आधारवर माहेरचे. किंवा कार्ड ऑनलाइन झालेले नसते, बारा अंकी नंबरच निघत नाही. तालुक्याच्या पुरवठा शाखेत हे दुरुस्त होते, पण त्याला दिवस लागतात, आणि केमोची तारीख त्यासाठी थांबत नाही.

योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे काम बघणारा माणूस, बसलेला असतो. कुठलीही मोठी रक्कम भरण्याआधी त्याला भेटायचे. योजना कॅशलेस आहे. खिशातून आधीच भरलेले पैसे तिच्यातून परत मिळत नाहीत, आणि मंजुरी उपचाराच्या आधी लागते. ‘आत्ता भरा, नंतर योजनेत बसवू’ असे कुणी म्हणाले तर थांबा आणि 155388 या हेल्पलाइनवर फोन करा. आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे वहीत लिहून घ्या: केमोच्या सगळ्या सायकली पॅकेजमध्ये आहेत का, ट्रास्टुझुमॅब आहे का आणि किती डोसांपर्यंत, रेडिएशन याच रुग्णालयात होईल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नाही असे असते आणि ते सहा महिन्यांनी कळते. शिवाय तिचे उपचार एका वर्षात संपणारे नाहीत. योजनेचे वर्ष बदलले की मर्यादा नव्याने सुरू होते, हे डोक्यात असू द्या.

नवऱ्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापले जाते का हेही विचारा. कापले जात असेल तर बायकोच्या उपचारांचाही हक्क त्यात येतो. गॅरेजवाल्यांच्या बाबतीत सहसा नसते, पण काही घरांत हे कुणाला माहीतच नसते.

योजनेत बसले नाही तर पुढचे दार धर्मादाय रुग्णालयांचे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासाने चालवलेल्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी 50 टक्के सवलतीने ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये आहे. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मोठी, चकचकीत इमारत बघून आपण आत जात नाही, पण पाटीवर ट्रस्टचे नाव असेल तर समाजसेवकाची खोली शोधायची. हाच दाखला मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय मदतीसाठीही लागतो. तो अर्ज महात्मा फुले योजना आणि धर्मादाय सवलत दोन्हीकडे सोय झाली नाही तरच करायचा, आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते. म्हणून सेतूत दाखल्याचा अर्ज आजच टाकायला सांगा, मग लागो न लागो.

ट्रास्टुझुमॅबबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण तुम्ही ऐकलेल्या आठ-दहा लाखांतला मोठा भाग बहुधा याचाच असेल. मी कामाला लागले तेव्हा हे औषध फक्त परदेशी कंपनीचे होते आणि आम्ही ते गरीब बायकांना सुचवायलाही कचरत होतो. 2014 मध्ये भारतीय कंपनीने त्याचे बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखेच काम करणारे दुसऱ्या कंपनीचे औषध, बाजारात आणले, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किंमत पुष्कळ उतरली. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत मोठे अंतर असते, तेव्हा पहिल्याच दुकानातून घेऊ नका. सरकारी ‘अमृत’ दुकानांत आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या औषधालयात दर विचारा. बिल आणि बॅच नंबर घ्या, औषध बर्फाच्या डब्यातून न्या.

आणि तरीही वर्षभराचे जमत नसेल तर? तर औषध गुपचूप सोडायचे नाही, डॉक्टरांना तोंडाने सांगायचे. वर्षभर हाच आजही नियम आहे. पण ब्रिटनमध्ये 4,000हून अधिक बायकांवर झालेल्या एका अभ्यासात, जो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांचा कोर्स वर्षभराच्या कोर्सच्या अगदी जवळपास ठरला. पैशांची अडचण कळली तर डॉक्टर असा पर्याय तोलून बघू शकतात. न सांगता गेलेल्या बाईला मात्र कुठलाच पर्याय मिळत नाही. एक सूचना विसरू नका. हे औषध सुरू असताना दर तीन महिन्यांनी हृदयाची टू-डी इको करावी लागते. पैसे वाचवायला लोक आधी हीच तपासणी गाळतात. ती गाळायची नाही.

कुठे उपचार घ्यायचे? मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचे नाव सगळे घेतात आणि त्यात चूक काही नाही. पण परळला येऊन सव्वा वर्ष राहणे दहावीतल्या मुलीच्या आईला झेपणारे नाही. माझा अनुभव असा की एकदा मोठ्या केंद्रात दाखवून उपचारांचा आराखडा लेखी घ्यावा आणि केमो घराजवळ घ्यावी. सोलापूर जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. 1987 पासून तिथे ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालते, त्या भागातल्या बायकांचे आजार तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. केमो झाल्यावर रात्री ती स्वतःच्या अंथरुणावर झोपू शकेल, याला फार किंमत आहे.

मुंबईला यायचेच झाले तर टाटात पहिल्याच दिवशी जनरल की प्रायव्हेट अशी नोंद होते, जनरलच घ्या. डॉक्टर तेच असतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांसाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-एसीचे तिकीट माफ असते आणि एका सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन ठेवा, म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरता येईल. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. दोन्हीकडे रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागेसाठी थांबावे लागते. तुमच्या घरी, डोंबिवलीला, तिने यावे असे तुम्हाला वाटेल. तपासणीपुरते ठीक. पण केमोच्या आठवड्यात तिला गर्दीच्या लोकलमध्ये चढवू नका.

आता तुमचे 1,40,000. दोघी-तिघींच्या नावावर वेगळे खाते काढा आणि वहीत हिशेब ठेवा. एकरकमी हातात दिले तर ते जुनी उधारी, आलेल्या-गेलेल्यांचे जेवण यांतच विरघळतील. यात तिच्यावर अविश्वास नाही. आजारी माणसाला घरातल्या मागण्यांना नाही म्हणता येत नाही, ते काम तुमच्या वहीने करावे. योजना मंजूर झाली तरी ज्या गोष्टी तिच्यात धड बसत नाहीत त्यांच्यासाठी हा पैसा राखा: सारख्या होणाऱ्या रक्ततपासण्या, पांढऱ्या पेशी वाढवायचे इंजेक्शन, गाडीभाडे, अंडी-दूध-डाळी, मुलीची फी. आणि सर्वांत मोठा खर्च कुणी मोजतच नाही. तिचे शिलाई मशीन बंद पडणार आहे, आणि सोबत जाण्याच्या दिवशी नवऱ्याचाही रोज बुडणार आहे. बॅचमधल्या पंचवीस जणींनी सव्वा वर्ष दरमहा 500 रुपये टाकले तर महिन्याला 12,500 होतात. एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा मला हे जास्त भरवशाचे वाटते. दहावा महिना येतो तेव्हा सुरुवातीचे सगळे पांगलेले असतात.

देताना एकदाच आणि नवऱ्यासमोर सांगा: हे परत करायचे नाहीत. पुन्हा विषय काढू नका. आणि ऑनलाइन मदतीचे आवाहन करायचे असेल तर तिला नीट विचारून करा. तिचा टक्कल पडलेला फोटो मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरणार आहे, हे तिच्या आधी लक्षात यायला हवे. काही बायका चालेल म्हणतात, काहींना मरणप्राय होते. ठरवायचे तिने.

राहिले तुमचे रडू. तुम्ही रडलात म्हणून तिचे काही बिघडत नाही. ‘तू पॉझिटिव्ह राहा’, ‘तू वाघीण आहेस’ हे मात्र बोलू नका. ते ऐकले की बाईला वाटते, आता घाबरलेय असे सांगायचीही सोय उरली नाही. अमक्याच्या मावशीला असेच होते, ती गेली, ही गोष्ट तर दारातच थांबवा. ‘काही लागले तर सांग’ यानेही काही होत नाही, ती सांगणार नाही. त्यापेक्षा ‘गुरुवारी तुझा केमो आहे, मी बुधवारी रात्री येते, शुक्रवारी निघेन’ एवढे सांगा आणि जा. येता येणार नसेल तर बार्शीजवळ राहणारी बॅचमधली कोण आहे ते शोधा.

काही गोष्टी तिला आधी सांगून ठेवा म्हणजे ती दचकणार नाही. लाल औषधानंतर लघवी लालसर होते, ते रक्त नसते. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, उशीवर झुपके येतात. आधीच बारीक कापून घेतले तर तो धक्का सौम्य होतो. तेव्हा तुम्ही जवळ असाल तर फार बरे. केस परत येतात.

घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी रुग्णालय गाठायचे. गावातून रात्री कुणाची गाडी मिळेल आणि जवळ कुठे सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करतात, हे आत्ताच ठरवून त्या माणसाचा नंबर भिंतीवर लिहा. मला तर हे पैशांहूनही महत्त्वाचे वाटते.

काढे, गुळवेल, कुणी दिलेली पुडी यांना केमोच्या काळात नाही म्हणा. गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे, आणि केमोत यकृतावर आधीच भार असतो. नाही म्हणणे तिला जड जाईल, पुडी आणणारी सासूच असेल कदाचित. तेव्हा दोष डॉक्टरांवर ढकला: डॉक्टर म्हणालेत, उपचार पुरे होईपर्यंत काही घ्यायचे नाही. आणि कुणी तिचे ताट-पेला वेगळा काढला तर तुम्ही तिच्या ताटात जेवा. हा आजार शिवल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही, हे भाषणापेक्षा असे पटकन कळते.

नवऱ्याला बाजूला सारू नका. गॅरेजमधला माणूस, इस्पितळात बोलायला बिचकतो, म्हणून मैत्रिणीच सगळे ठरवू लागतात. मग तो गप्प होतो, आणि गप्प झालेला नवरा बाहेरून बेफिकीर दिसतो. त्याला एक काम पूर्ण सोपवा, गोळ्यांच्या वेळा किंवा फाईल. मुलीलाही खरे सांगा, तिच्या वयाला झेपेल इतके. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, केमोच्या तारखा बघून त्या आठवड्यांत स्वयंपाक कोण करणार ते ठरवा, नाहीतर तो आपोआप मुलीवर येतो.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते, मग हाताचे व्यायाम. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचे, रोज खडूने खूण करायची. हात आखडला तर तिचे शिवणकामच जाईल, म्हणून हे रोज व्हायला हवे. स्तन काढावा लागला तर ब्लाऊजच्या आत खिसा लावून त्यात बसणारे हलके पॅड मिळतात, लोकरीचे विणलेलेही असतात. तुमची मैत्रीण स्वतः शिवते. हा ब्लाऊज तिचा तिने बेतला तर तिला बरे वाटेल.

सव्वा वर्षाने सगळे सुटल्यासारखे वाटेल आणि तेव्हाच रोजची गोळी सुरू झालेली असेल. ती जन औषधी दुकानात स्वस्तात मिळते, तरी बायका ती सोडतात, कारण गरम वाफा येतात, सांधे दुखतात, पाळी बिघडते आणि आता तर मी बरी आहे असे वाटते. दर पंधरा दिवसांनी फोनवर गोळीचे विचारत जा. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, स्वतःहून बंद करू देऊ नका.

आज-उद्या तिला फोन कराल तेव्हा तब्येतीचे बोलून झाल्यावर रेशनकार्डाच्या सगळ्या पानांचा आणि आधारचा फोटो मागवून घ्या. दोन्हीवर नाव एकच आहे का ते बघा. नसेल तर नवऱ्याला सोमवारी गॅरेजमधून अर्धा दिवस सुट्टी काढून तहसील कार्यालयात जायला सांगा, आणि तो तिथे असताना तुम्ही फोनवर राहा.